गरनात्यात आधी काय बोलावे?

उर्दू पुस्तकांतले गरनाता म्हणजे स्पेनमधले आजचे ग्रनादा. अल-हम्रा महाल पाहून आम्ही खाली उतरलो की प्रश्न उभा राहायचा तो जेवणाचा. इथे पेयाबरोबर छोटी डिश फुकट येते, आणि साध्या शेंगांच्या भाजीतही 'हामोन', म्हणजे डुकराचे मांस, असू शकते.

'येवा सेर्दो?' (यात डुकराचे मांस आहे का?) एवढे पाठ केले तरी भागत नाही. सफाईने विचारलेल्या प्रश्नाला उत्तरही भरभर येते. म्हणून आम्ही आधी सांगायचो, 'एस्तोय आप्रेन्दिएन्दो एस्पान्योल' : मी स्पॅनिश शिकत आहे. स्त्री-पुरुष दोघांनाही हेच वाक्य चालते. मग 'मास देस्पासिओ, पोर फावोर' : जरा सावकाश बोला. 'नो आब्लो', म्हणजे बोलता येत नाही, म्हटले की बोलणे तिथेच संपते. 'शिकत आहे' म्हटले की समोरचा शब्द सुटे करून सांगतो.

त्या सुट्या शब्दांत ओळखीचेही सापडतात. साखर म्हणजे 'आसूकार', अरबीतले 'अस्सुक्कर'.

मुलांनाही हेच सांगावे. नवशिके म्हणवून घेण्यात कमीपणा नाही. परक्या मुलुखात ताटातले हराम टाळायला तेच पहिले वाक्य उपयोगी पडते.