भिंत वाकडी की फोटो?

आमच्या म्हसावदला धाब्याची जुनी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली. मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब, पुढे ओटा. सातपुडा जवळ, म्हणून त्या काळी लाकडाला तोटा नव्हता. आता वाटणी झाली की घर उतरवतात, सागवान विकतात आणि स्लॅब टाकतात. त्यात कोणाला दोष देऊ नये. दर पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकून चोपायला माणूस मिळत नाही.

आमच्या भाऊबंदांचं असंच एक घर उतरवायचं ठरलं. पुतण्याने आधी मोबाईलवर पंचवीस-तीस फोटो काढले, छापून आणले आणि संध्याकाळी ओट्यावर मांडले. मग काय, प्रत्येकाला मत फुटलं.

फोटो स्टुडिओवाला पोरगा म्हणाला, "काका, भिंती आत झुकल्या. फोटो वाकडा आला." खरं होतं. गल्ली अरुंद, म्हणून मोबाईल वर कलवून फोटो घेतलेला. तसं केलं की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. मागे सरकून मोबाईल सरळ धरला तर झुकत नाहीत. पण शेजारचे आबा ऐकेनात. "अरे, ती भिंत खरंच पोट काढून बसली आहे. फोटोत सरळ केली तर ते खोटं होईल."

पुण्याहून आलेल्या भाच्याचं मत निराळं. विजेच्या तारा आणि टीव्हीची छत्री पुसून टाक, फोटो काळा-पांढरा कर, म्हणजे जुनेपणा येईल. आक्का म्हणाल्या, "फोटु बेस शे, पन घरमा मानूसच नही!" म्हातारे सुतारबाबा सगळ्यात शेवटी बोलले. "दाराची नक्षी चार वेळा काढली. खांबावर तुळई कशी बसवली, तो सांधा एकदाही नाही."

पोरगं गोंधळलं. मला मात्र वाटलं, ही भांडणं फोटोची नाहीतच. प्रत्येक जण त्या घरात आपल्याला हवं ते शोधतो आहे. आक्कांना माणसं हवीत, सुताराला सांधा, भाच्याला भिंतीवर लावायला देखणं चित्र. फोटो कशासाठी काढला हे ठरल्याशिवाय चांगला-वाईट कसं म्हणायचं?

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बळसाण्याला जुनी दगडी देवळं आहेत. हेन्री कझेन्स या पुरातत्त्व खात्यातल्या साहेबाने दख्खनच्या देवळांवर लिहिलेलं पुस्तक 1931 साली छापलं गेलं, त्यात बळसाणंही आहे. त्या फोटोंत माणसांची लगबग शोधू नये. देऊळ कसं बांधलं, कुठे ढासळलं, हे नोंदवणं हे त्यांचं काम. घरच्या फोटोचं काम वेगळं. त्यात आजी उंबऱ्यावर बसलेली असली तर उंबरा किती रुंद होता तेही आपोआप कळतं. तारांचंही तसंच. त्या पुसल्या की घराचं शेवटचं वय पुसलं जातं. काळा-पांढरा फोटो देखणा दिसेल, पण भिंतीवरचे चुन्याचे आणि निळीचे थर त्यात हरवतील.

वाकड्या भिंतीचा निकाल गवंड्याने लावला. "भिंतीपुढे ओळंबा सोड आणि फोटो काढ." किती सोपं! मोबाईल कलला तर दोरीही कललेली दिसेल. दोरीपासून भिंत सुटली असेल तर दोष भिंतीचा. स्टुडिओवाला आणि आबा, दोघांचंही समाधान.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिरपं ऊन नक्षीवर पडलेलं असताना, पुतण्याने पुन्हा फोटो काढले. ओळंब्यासकट भिंत, प्रत्येक सांधा, बाजूला वीत ठेवून विटेची जाडी, आणि दारात आक्का. आठ दिवसांत घर उतरलं. खांब व्यापारी घेऊन गेला. सांधे आमच्याकडे राहिले.

थाळनेरला फारुकी राजांच्या कबरी सरकारने जपल्या आहेत. तिथला फोटो बिघडला तर पुढच्या रविवारी जाऊन दुसरा काढता येतो. आपल्या गल्लीतल्या घराला पुढचा रविवार मिळेलच असं नाही. म्हणून कोणी असे फोटो दाखवले, तर छान आहे किंवा जमला नाही एवढंच म्हणून उठू नका. काय राहिलं ते सांगा, आणि घर उभं आहे तोवर सांगा.