पोढी आणि सागर

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना आम्ही दोघेही दरवर्षी एकाच जागी अडखळतो. व्याख्या सांगून होते, परंपरा सांगून होते. गोडसे भटजींचे १९०७ साली प्रसिद्ध झालेले 'माझा प्रवास', अनंत काणेकरांचे १९४० चे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे', पु. ल. देशपांड्यांची १९६० ची 'अपूर्वाई' असे टप्पे फळ्यावर लिहिले जातात. मग 'अपरिचित प्रदेशाचे दर्शन' हे या प्रकाराचे पहिले लक्षण म्हणून आम्ही सांगतो, आणि समोरच्या बाकांकडे पाहिल्यावर प्रश्न पडतो की अपरिचित म्हणजे कोणाला? जो प्रदेश लेखकाला अपरिचित, तो तिथे राहणाऱ्याचा रोजचा उंबरठा असतो. त्या उंबरठ्यावरच्या माणसाला प्रवासवर्णनात बहुधा एखाद्या वाक्यापुरती जागा मिळते : नावाडी, वाटाड्या, चहा देणारी म्हातारी. त्याने लिहिले तर त्याला आपण प्रवासवर्णन म्हणत नाही, आठवणी म्हणतो.

या वर्षी हा प्रश्न ग्रीसच्या निमित्ताने पुढे आला. मीना प्रभूंच्या 'ग्रीकांजली'विषयी बोलणे चालले होते. त्यानिमित्त एका सहकाऱ्यांच्या परदेशस्थ मुलीने पाठवलेली काही छायाचित्रे आम्ही वर्गात दाखवली. चार-सहा जणांनी मिळून दिवसभरासाठी एक खासगी होडी ठरवायची, किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचे, एखाद्या निवांत खाडीत नांगर टाकायचा आणि तोंडावर काचेचा मुखवटा व तोंडात श्वासनळी धरून पाण्यावर पालथे तरंगायचे. याला स्नॉर्केलिंग म्हणतात. खोल बुडी मारावी लागत नाही. तरंगत राहून खाली पाहायचे, एवढेच. त्या छायाचित्रांत माशांपेक्षा दगड अधिक होते. क्रीट बेटावर एलुंडाजवळ ओलूस नावाचे प्राचीन नगर अंशतः समुद्राखाली गेलेले आहे. दक्षिण ग्रीसमध्ये लॅकोनियाच्या किनाऱ्याशी पाव्लोपेत्री हे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे गाव अवघ्या तीन-चार मीटर पाण्याखाली आहे. निकोलस फ्लेमिंग यांनी ते १९६७ साली शोधले, आणि त्याचे रस्ते, घरे व थडगी यांचे आराखडे पुढे काढण्यात आले.

भूमध्य समुद्राचे हे पूर्वेकडचे पाणी इतके नितळ का, याचे कारण गमतीदार आहे. त्यात पोषकद्रव्ये कमी, म्हणून सूक्ष्म वनस्पती-जीव कमी, म्हणून ते स्वच्छ. म्हणजे ज्या निळाईवर प्रवासी लुब्ध होतो ती पाण्याच्या दारिद्र्याची निळाई आहे. आपला कोकणचा समुद्र त्या मानाने श्रीमंत आणि म्हणूनच गढूळ. तरीही मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास हिवाळ्यात पाणी निवळते, खडकांवर प्रवाळ दिसतात. १९८७ साली तो भाग सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. महाविद्यालयाच्या सहलीत आमच्यातल्या एकाने तिथे मुखवटा लावून पाहिलेही आहे. त्या अर्ध्या तासाची आठवण रंगीत माशांची कमी आणि कानांत भरलेल्या शांततेची जास्त आहे. पाण्याखाली पाहणाऱ्याला बोलता येत नाही, हा या खेळाचा सर्वांत चांगला नियम असावा.

छायाचित्रे पाहून झाल्यावर फुलवडे-बोरघरच्या बाजूने येणारा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, तिथं बुडालेलं गाव बघायला पैसं देत्यात, मग आमच्या हितं का न्हाई?"

वर्ग हसला. तो हसला नाही.

आंबेगाव तालुक्याचे ठाणे घोडेगावला आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. नकाशावर तालुका आहे, गाव नाही. विद्यार्थ्यांना लक्षणा शिकवताना आम्ही 'गंगेवर गवळीवाडा' हे जुने उदाहरण देतो. मुख्यार्थाचा बाध झाला की लक्ष्यार्थ उरतो, हे समजावायला त्यांच्याच तालुक्याचे नाव पुरेसे होते, हे आमच्या ध्यानात कधी आले नव्हते.

पुढच्याच आठवड्यात त्या विद्यार्थ्याच्या चुलत्यांच्या होडीतून आम्ही फुगवट्यात गेलो. फेब्रुवारीचे दिवस. रब्बीचे आवर्तन सुटले की पाणी उतरू लागते आणि काठाशी ओल्या गाळाचे पट्टे उघडे पडतात. त्या गाळावर जे पीक घेतात त्याला गाळपेर म्हणतात. जमीन धरणात गेलेल्याने उतरत्या पाण्यामागे धावत जाऊन आपलीच जमीन चार महिने कसायची, असा तो प्रकार आहे. या गाळपेरीच्या आणि मासेमारीच्या हक्कांसाठी इथल्या महादेव कोळी व कातकरी समाजाने दीर्घकाळ झगडा केला. आनंद कपूर व कुसुम कर्णिक यांच्या 'शाश्वत' संस्थेने त्यांना साथ दिली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक २०१२ साली या कामाला मिळाले. डोंगरउतारावर सर्वांनी मिळून भातखाचरे काढण्याची पडकई ही रीतही याच मुलखातली. जमीन वर काढण्याचे आणि जमीन पाण्यातून परत मागण्याचे असे दोन्ही शब्द एकाच बोलीत असावेत, यात एक इतिहास आहे.

होडी साधी होती. चुलते वल्हे मारता मारता अधूनमधून थांबत आणि सपाट पाण्याकडे बोट दाखवून सांगत, "ही चिंच. हिच्या बुडाशी आमचं खळं व्हतं." समोर फक्त पाणी होते. त्यांनी 'इथे चिंच होती' असे म्हटले नाही. 'ही चिंच' म्हणाले. खळे भूतकाळात गेले होते, चिंच मात्र वर्तमानात उभी होती. व्याकरणाच्या तासाला काळ शिकवणाऱ्या आम्हा दोघांना त्या वाक्यापुढे बोलण्यासारखे काही नव्हते.

ग्रीसच्या त्या खाडीत मुखवटा लावला की गाव दिसते. इथे मुखवटा निरुपयोगी आहे. डोंगरातून उतरणारी माती पाण्यात असते. हातभर खाली काही दिसत नाही. पाणी फारच खाली गेले तर उन्हाळ्याच्या अखेरीस जुन्या गावाची जोती, देवळाचे दगड उघडे पडतात आणि लोक पाहायला जातात. एरवी या पाण्याखालचे पाहायचे तर दुसऱ्याच्या स्मरणातून पाहावे लागते. नावाडी हाच इथला मुखवटा आणि तीच श्वासनळी. म्हणूनच त्याला एका वाक्यापुरती जागा देऊन इथले प्रवासवर्णन लिहिता येणार नाही.

या जलाशयाचे अधिकृत नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. परदेशी कापडाचा ट्रक अडवताना मुंबईत १२ डिसेंबर १९३० रोजी प्राण देणारे बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. नाव यथोचित आहे. आम्हांला विचारात पाडतो तो 'सागर' हा शब्द. कोयनेचा शिवसागर, जायकवाडीचा नाथसागर, उजनीचा यशवंतसागर, आणि शेजारी जुन्नर तालुक्यात माणिकडोहचा शहाजी सागर. आपण धरणाला सागर म्हणतो आणि त्या क्षणी ते निसर्गाच्या खात्यात जमा होते. सागर कोणी बांधत नाही, सागरासाठी कोणी उठत नाही. रूपक हे भाषेचे भूषण आहे असे आपण शिकवतो. ते भाषेचे झाकणही असू शकते, हे शिकवायचे राहून जाते. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहापासून धरणग्रस्तांचा प्रश्न महाराष्ट्रापुढे आहे. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' १९९१ साली आली, तिला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. म्हणजे साहित्याने या पाण्यात पाहिलेच नाही असे नाही. परंतु कादंबरी अभ्यासक्रमातून गेली की प्रश्नही परीक्षेबरोबर संपतो, आणि जलाशयाच्या काठावर पुन्हा 'निसर्गरम्य परिसर' उरतो.

मग विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर काय? इथे होड्या सुरू कराव्यात का? आमच्या मनात आधीपासून एक उत्तर तयार होते : दुःखाची सहल होऊ नये. चुलत्यांचे उत्तर वेगळे निघाले. "लोक आलं तर बरंच हाय की. चार पैसं मिळतील. पन मासं आमचं, पानी तुमचं आन् व्हडी तिसऱ्याचीच, असं व्हायला नको." त्यांच्या बोलण्यात भावनेचा अडसर नव्हता, मालकीचा होता. होडीला इंजिन हवे, तरंगणारी जाकिटे हवीत, आणि परवाना गावाच्या नावावर हवा. पलीकडच्या काठावरून बाजाराला, दवाखान्याला माणसे याच होड्यांतून येतात. त्यांनाही ती जाकिटे उपयोगी पडतील, असे ते म्हणाले. ज्या सोयी पाहुण्यांसाठी मागितल्या तर मिळतात त्या रहिवाशांसाठी मागून मिळत नाहीत, हे त्यांना आमच्यापेक्षा नीट ठाऊक होते.

घरात मात्र एकमत नाही. विद्यार्थ्याची आजी होडीत बसत नाही. पलीकडे माहेरच्या माणसांकडे जायचे तर ती काठाकाठाने लांबचा वळसा घेते. कारण विचारले तेव्हा तिने नातवाला एवढेच सांगितले, "आपल्याच घरावर पाय दिऊन जायाचं का?" चुलत्यांची बाजू न्यायाची आहे आणि आजीची बाजूही खरी आहे. या दोहोंत निवाडा करण्याचा अधिकार पगारदार प्राध्यापकांना नाही. मात्र दोन्ही वाक्ये जिथे ऐकू येतील अशी जागा निर्माण करणे हे वाङ्मयाच्या वर्गाचे काम आहे, असे आम्हांला वाटते.

त्या पश्चिमेच्या डोंगरांतच माळीण आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी कोसळलेल्या दरडीखाली तिथे १५१ माणसे गेली. गावे इथे पाण्याखाली जातात आणि मातीखालीही. अशा मुलखाचे वर्णन करताना 'हिरवीगार दरी' हे शब्द लेखणीतून सहज उतरतात. ते उतरू लागले की थांबावे, एवढे पथ्य तरी पाळता येईल.

ग्रीसलाही हा अनुभव नवा नाही. अथेन्सला पाणी पुरवणाऱ्या मोर्नोस जलाशयाखाली काल्लिओ नावाचे गाव गेले आहे. २०२४ च्या दुष्काळात पाणी ओसरले तेव्हा त्याच्या भिंती वर आल्या. पाव्लोपेत्रीवर तरंगणाऱ्याला आनंद होतो, काल्लिओच्या भिंती पाहणाऱ्या जुन्या रहिवाशाला तो होईलच असे नाही. भग्नावशेष सुंदर व्हायला किती वर्षे लागतात? पाच हजार पुरतात हे निश्चित. पंचवीस-तीस पुरत नाहीत. जोवर 'हे आमचं खळं' म्हणणारा एक जरी माणूस जिवंत आहे, तोवर तो अवशेष नव्हे, ते घर आहे.

ग्रीसची आणि आमची ओळख तशी जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अनाम ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे येतात. कल्याणला चुकून आलेल्या ग्रीक गलबतांना पहाऱ्यात भडोचला नेले जाई, असेही त्यात नोंदले आहे. कल्याणहून नाणेघाट चढले की जुन्नर. घाटात नागनिकेचा लेख आहे, आणि जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत. त्यांतल्या तीन ब्राह्मी लेखांत 'यवन' म्हणवणारे दाते आहेत. ते जन्माने ग्रीक होते की पश्चिमेकडचे अन्य कोणी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. यवन हा शब्द मुळात आयोनियाच्या ग्रीकांसाठीचा, पुढे तो सैल झाला. चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. चंद नावाच्या यवनाने लेण्याचे दर्शनी काम दिले. आणि इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्या, म्हणजे कातळात कोरलेली पाण्याची दोन टाकी.

दोन टाकी पाणी. तेवढ्या दानासाठी त्याचे नाव दगडात कोरले गेले आणि सुमारे दोन हजार वर्षे टिकले. प्राकृतात त्या दानाला 'देयधम' असा शब्द आहे.

डिंभे हे कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी एक. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही बाकीची चार जुन्नर तालुक्यात. या पाण्यावर पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांतली शेते भिजतात, तर फुगवट्याच्या वरच्या वाड्यांत उन्हाळ्यात हंडे घेऊन हिंडावे लागते. ज्यांनी गाव, खळे, देऊळ आणि चिंच दिली त्यांची नावे कोणत्या दगडावर आहेत? आम्ही हिंडलो तिथे तरी ती आम्हांला दिसली नाहीत.

त्या विद्यार्थ्याने यंदाच्या प्रकल्पासाठी विषय बदलून घेतला आहे. बुडालेल्या जागांची नावे तो आजीकडून लिहून घेतो : खाचरांची, उताराच्या वाटांची, पाणवठ्यांची, झाडांची. आतापर्यंत चाळीसहून अधिक झाली आहेत. आजीचे वय पाहता घाई करावी लागेल. प्रवासवर्णनाच्या पेपरात हे बसते का, अशी पृच्छा विभागाच्या बैठकीत झाली. बसते, असे आम्ही दोघांनी लेखी कळवले आहे.