भिंतीपलीकडचा ठेका

गॉस्पेल म्हणजे ख्रिस्ताची सुवार्ता सांगणारे गीत, ही व्याख्या कोशापुरती पुरेशी आहे. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये या नावाने जो गायनप्रकार आकाराला आला, त्याचा प्राण शब्दार्थापेक्षा श्वासात, टाळीत आणि पायाने धरलेल्या लयीत अधिक आहे, आणि महालिया जॅक्सन (१९११–१९७२) यांच्या गळ्यात तो जितका निःसंकोच वावरला, तितका क्वचितच दुसऱ्या कुणाच्या गळ्यात वावरला असेल.

न्यू ऑर्लिन्समध्ये मिसिसिपीच्या बांधालगतच्या गरीब वस्तीत, आई लवकर वारल्यामुळे मावशीच्या कडक धाकात वाढलेल्या या मुलीचे घराणे बाप्टिस्ट पंथाचे होते. त्या पंथात जुनी स्तोत्रे अतिविलंबित लयीत गायली जात. म्होरक्याने एक ओळ सांगावी आणि समुदायाने ती लांबवत, वळवत, एकेका अक्षरावर रेंगाळत उचलावी, अशी ती रीत होती. घराच्या शेजारी मात्र ‘सँक्टिफाइड’ मंडळींचे, म्हणजे पवित्र आत्म्याचा संचार प्रत्यक्ष अंगात अनुभवणाऱ्या भाविकांचे चर्च होते, जिथे ऑर्गन नव्हता, गायकवृंद नव्हता. होते ते ढोल, झांज, खंजिरी आणि पोलादी त्रिकोण, आणि त्यांच्या तालावर सगळे शरीर प्रार्थना करत असे. भिंतीपलीकडून येणारा तो ठेका, आणि मावशी घरात नसताना ऐकलेल्या बेसी स्मिथच्या तबकड्यांतील ब्लूजचा, म्हणजे ऐहिक दुःखाच्या गाण्याचा, जड, ओढलेला स्वर, या दोन ‘परक्या’ गोष्टींनी त्यांचा गळा घडवला.

किशोरवयातच त्या शिकागोला गेल्या. तेथील प्रतिष्ठित कृष्णवर्णीय चर्चना मात्र हे डोलणे, हुंकारणे आणि टाळ्या वाजवणे गावंढळ वाटे. दक्षिणेतून आलेल्या दरिद्री स्थलांतरितांची आठवण त्यांना नकोशी होती. ज्या गाण्याने त्या स्थलांतरितांना परक्या शहरात तग धरायला बळ दिले, त्याचीच लाज त्यांच्या बांधवांनी बाळगावी, ही या इतिहासातील सर्वांत व्यथित करणारी गोष्ट आहे. पूर्वाश्रमीचे ब्लूज पियानोवादक थॉमस डॉर्सी यांनी १९३२ मध्ये बाळंतपणात पत्नी आणि पाठोपाठ नवजात मूल गमावल्यावर ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे गीत रचले. अशा त्यांच्या रचना महालिया चर्चोचर्ची पोहोचवत राहिल्या. १९४७ मध्ये त्यांनी ध्वनिमुद्रित केलेले ‘मूव्ह ऑन अप अ लिटल हायर’ हे गीत एवढे विस्तारत जाणारे होते की ते तबकडीच्या दोन बाजूंवर विभागावे लागले. त्या तबकडीच्या लाखो प्रती खपल्या. त्यांच्यामागे वर्षानुवर्षे पियानोवर बसलेल्या मिल्ड्रेड फॉल्स यांचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते. वस्तुतः महालिया लय सोडून मुक्तपणे फिरू शकत, त्या फॉल्स यांच्या डाव्या हाताने तो भिंतीपलीकडचा ठेका अढळ धरून ठेवला म्हणूनच.

ब्लूज गाण्यासाठी महालिया यांना पैशाचा मोह दाखवण्यात आला, पतीनेही आग्रह धरला. त्यांनी नकार दिला. ब्लूजचा स्वर स्वीकारून त्याची निराशा नाकारण्याचा हा निर्णय केवळ सोवळेपणातून आला असे मानणे अन्यायाचे होईल, कारण त्यांच्या लेखी गॉस्पेल हे आशेचे गाणे होते आणि ऐकणाऱ्याला गाणे संपल्यावर हाती काहीतरी उरणे त्यांना आवश्यक वाटे. २८ ऑगस्ट १९६३ रोजी नागरी हक्कांसाठीच्या वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाआधी अडीच लाखांच्या समुदायासमोर त्या गायल्या. १९७१ मधील भारतदौऱ्यात मुंबईकरांनीही तो आवाज प्रत्यक्ष ऐकला.

डॉर्सी यांचे तेच शोकगीत महालिया यांनी १९६८ मध्ये किंग यांच्या अंत्यविधीत गायले होते. चार वर्षांनी, शिकागोतील त्यांच्या स्वतःच्या अंत्यविधीत, ते अरेथा फ्रँकलिन यांनी गायले.