तांबड्या पवनचक्कीखालची ला गुल्यू

पॅरिसच्या भुयारी रेल्वेने ‘ब्लाँश’ स्थानकावर उतरून पायऱ्या चढून वर आले, की समोरच तांबडी पवनचक्की दिसते. हेच ते ‘मुलाँ रूज’. नावाचा अर्थही ‘तांबडी पवनचक्की’ असाच. पण या चक्कीत कधी दाणा दळला गेला नाही. माँमार्त्र टेकडीच्या पायथ्याशी १८८९ च्या ऑक्टोबरात हे नाचघर उघडले आणि चक्की केवळ शोभेसाठी बसवली गेली. एप्रिल २०२४ मध्ये एका रात्री तिची पाती निखळून रस्त्यावर पडली. जुलैत नवी पाती बसली.

नाचघराचे नाव सर्वतोमुखी केले ते मात्र एका कागदाने. १८९१ च्या अखेरीस पॅरिसच्या भिंतींवर पुरुषभर उंचीचे एक पोस्टर झळकले. मधोमध पांढऱ्या झालरींचा घोळ उडवत, एक पाय उंच फेकणारी नर्तकी ‘ला गुल्यू’. पुढे लांब नाकाचा तिचा जोडीदार, आणि मागे टोप्या घातलेल्या प्रेक्षकांच्या नुसत्या काळ्या आकृत्या. चित्रकार होता आंरी द तुलूझ-लोत्रेक, वय सत्तावीस. खानदानी घराण्यातला हा मुलगा. पण लहानपणी दोन्ही मांड्यांची हाडे मोडली आणि पायांची वाढ खुंटली ती कायमचीच. ज्याला धड चालता येत नसे, त्याने नाचणारे पाय असे टिपावेत!

पोस्टर छापले शिळाछाप पद्धतीने. दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे, दगड ओला करायचा. मग छपाईची शाई फक्त चित्रालाच धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. मुंबईत १८९४ साली निघालेला राजा रविवर्म्याचा छापखाना याच तंत्राचा. लोत्रेकच्या पोस्टरच्या सुमारे तीन हजार प्रती निघाल्या. बहुतेक ऊनपावसात गेल्या; पण काही शौकिनांनी अशी पोस्टरे ओली असतानाच भिंतींवरून सोलून घरी नेली. उरलेल्या प्रती आज संग्रहालयांत काचेआड जपल्या जातात.

पोस्टरवरच्या बाईला मात्र कुणी जपले नाही. तिचे खरे नाव लुईझ वेबर. गिऱ्हाइकांचे पेले भराभर रिकामे करायची, म्हणून ‘गुल्यू’ म्हणजे हावरी. कीर्तीच्या शिखरावर असताना, १८९५ मध्ये, तिने नाचघर सोडले आणि जत्रेत स्वतःचा तंबू टाकला. लोत्रेकने त्यासाठी दोन भलेमोठे पडदे रंगवून दिले. तंबू चालला नाही. पुढे तिने हिंस्र जनावरांचे खेळ केले, तेही फसले. पडद्यांचे पुढे तुकडे झाले. जोडून घेतलेले ते पडदे आज ऑर्से संग्रहालयात आहेत.

अखेरच्या वर्षांत स्थूल, थकलेली ला गुल्यू याच नाचघराच्या आसपास शेंगदाणे आणि काड्यापेट्या विकत असे. येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी फार थोडे तिला ओळखत. १९२९ मध्ये ती गेली आणि शहराबाहेर पुरली गेली. १९९२ मध्ये तिच्या अस्थी माँमार्त्रच्या दफनभूमीत आणल्या गेल्या. पवनचक्कीपासून ती जागा चालत पाच-सात मिनिटांवर आहे.