मुक्कामाचं देणं

घर चाकांवर घेऊन निघालं की सुरुवातीला फार मोकळं वाटतं. ओटा हाताशी, बिछाना पाठीशी, पाणी टाकीत. मन होईल तिथे गाडी सावलीला लावावी, चहा टाकावा, कपबशा विसळून पुढे निघावं. कुणाला विचारायला नको, कुणाला सांगायला नको. पण वाट लांबत जाते तशी या मोकळेपणाची दुसरी बाजूही दिसू लागते. भांडं घासताना टाकीतलं पाणी आठवतं, दिवा लावताना बॅटरी आठवते. एकाने अंग चोरल्याशिवाय दुसऱ्याला उठून बाहेर जाता येत नाही. रात्री ट्रक जवळून गेला की झोपेतही कान जागे होतात. या सततच्या सावधपणाचा शीण अंगात साठत जातो, आणि एक दिवस मन फक्त चार भिंती मागतं.

कच्छहून निघून हंपीकडे जाताना आम्हा दोघांचं असंच झालं. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरलेले होते. हजारो मैल उडू शकणारी कितीतरी पाखरं इथल्या उथळ पाण्यात हिवाळाभर राहतात. त्यांच्याकडे पाहतानाच ठरलं की आता थांबायचं. इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्यात एक शेतकरी कुटुंब आपल्या वस्तीवरच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतं, असं कळलं होतं. महामार्ग सोडून आम्ही तिकडे वळलो.

खोल्या साध्या होत्या. पुढे ओसरी, मागे न्हाणी, न्हाणीबाहेर धुमसणारा तांब्याचा बंब. एका बाजूला डाळिंबाची बाग, दुसऱ्या बाजूला छातीएवढा वाढलेला शाळू. पहिल्या दुपारी आम्ही कपडे धुतले आणि लांबच लांब दोरीवर वाळत घातले. बादल्या भरभरून अंघोळ केली. मग पाय ताणून जे झोपलो ते दिवेलागणीलाच जागे झालो. कुठेही पोचायचं नसलेला दिवस किती मोठा असतो, ते लांबच्या प्रवासातल्या माणसालाच कळतं.

संध्याकाळी घरच्या आजी गाडी बघायला आल्या. आत डोकावून त्यांनी शेगडी पाहिली, घडीचा पलंग पाहिला आणि म्हणाल्या, “समदं हाय गं बाई. पण दारात कुणी आलं तर बसवायचं कुठं?”

त्या प्रश्नाने मी थांबले. आमच्या गाडीला दार होतं, उंबरा नव्हता. तिच्यात राहून आम्ही गावंच्या गावं पाहिली, पण कुणाचे पाहुणे झालो नाही आणि कुणाला पाहुणा करून घेतलं नाही.

या भागाला फिरतं घर नवं नाही. बारामती, इंदापूर, फलटणकडचे मेंढपाळ धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरतात, कोकणात जातात आणि पावसाच्या आधी माघारी येतात. सगळा संसार घोड्याच्या पाठीवर. भांडी, वाकळा, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरूही. रात्री कुणाच्या तरी मोकळ्या रानात वाघूर लावून मेंढरं बसवायची. शेतकरी त्यांना बोलावून नेतो, कारण एका रात्रीत जमिनीला लेंडीखत मिळतं. बदल्यात तो धान्य देतो, पैसे देतो. मोल आधी ठरलेलं असतं, तरी त्यात आपलेपणा असतोच. त्याच वावरात कळप पुढच्या वर्षी पुन्हा बसतो, लेकरांची चौकशी होते, ताकाचा तांब्या पुढे येतो.

आणि आषाढात तर याच भागातून अख्खं गावच चालत जातं. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला येते, तिथे नीरेत पादुकांना स्नान होतं. दिंडीचा ट्रक म्हणजे चाकांवरचं घरच. तंबू, शिधा, पातेली, वळकट्या सगळं त्यात. वारकऱ्याला कुणाकडे काही मागायची गरज नसते. तरी काटेवाडीत परीट समाज पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात, आणि ठिकठिकाणच्या ओसऱ्या रात्री माणसांनी भरून जातात. पुण्यात पालखी दोन रात्री विसावते. वाट पंढरीचीच, पण विसाव्याला सोहळ्यात मानाची जागा आहे. गावाला सेवेची संधी मिळते ती पालखी थांबते म्हणून.

याच बारामती तालुक्यात, पळशीवाडीला, पांडुरंग तावरे यांनी २००५च्या सुमारास कृषी पर्यटन सुरू केलं. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, कॅरॅव्हॅन पर्यटनाचं २०२१ साली. या दोन्ही गोष्टी एकमेकींना पूरक आहेत, असं मला वरकुट्यात मनापासून वाटलं. चाकांवरचं घर दूरवर नेतं. शेतातली भाड्याची खोली त्या दूरच्या मुलखाशी आपली ओळख करून देते. पाऊस दगा देतो, डाळिंबावर तेल्या पडतो, अशा वर्षी त्या खोलीचं भाडं घराला हातभार लावतं. ते देताना आम्हाला संकोच वाटला नाही, घेताना त्यांनाही नाही.

दुसऱ्या दिवशी शेकोटीवर कणसं भाजली गेली. आजींनी तळहातावर हुरडा चोळून, फुंकर मारून आमच्या ओंजळीत टाकला, वर शेंगदाण्याची चटणी. मी त्यांना कच्छच्या रबारींबद्दल सांगितलं. तेही मेंढरं घेऊन मैलोन्‌मैल हिंडतात, त्यांचा संसार उंटावर असतो, उंटाच्या पाठीवर उलटी खाट बांधतात. आजी ऐकत राहिल्या. मग त्यांनी रबारी बाया पाणी कुठून भरतात, बाळंतीण झाली तर कळप थांबतो का, असं एकेक विचारायला सुरुवात केली. नातवंडं जवळ सरकली. आम्ही वाटेत जे पाहिलं होतं ते कुणाच्या तरी उपयोगाचं आहे, हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. मेंढरं रानाला खत देऊन जातात. वाटसरूने मागे ठेवायचं ते हेच, दूरच्या माणसांची खबर.

वरकुटं सोडल्यावर सोलापूर, विजयपुरा करत आम्ही पुढे गेलो. त्यानंतर नकाशात गाडी लावायची जागा शोधताना मी खोली देणारं घरही शोधू लागले, थकवा नसतानाही. लांब जायचं असेल तर घर बरोबर जरूर न्यावं. पण अधूनमधून ते कुणाच्या तरी अंगणात उभं करून परक्या छपराखाली निजावं, ठरलेलं भाडं द्यावं आणि मागच्या गावच्या गोष्टी सांगाव्यात. पाहिलेल्या मुलखाचं ऋण असंच फिटतं.