बारा वाजले, बाहेर निघा

लंडनचा हाइड पार्क पहाटे पाचला उघडतो तो रात्री बारालाच बंद होतो, असं लेकीनं सांगितलं तेव्हा मला आधी राग आला. आश्चर्य नंतर वाटलं.

राग का, ते आमच्या नागपूरच्या धंतोलीकरांना सांगायला नको. रस्ते आखले बंगल्यांसाठी, आणि आता पावलोपावली दवाखाने. पार्किंगचं भांडण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. यवतमाळ, गडचिरोली, तिकडे छिंदवाडा, बालाघाटहून पेशंट येतात आणि एका पेशंटमागे चार नातेवाईक. पेशंट आत जातो. या चौघांनी कुठं जायचं?

मे महिन्यातली भर दुपार. मी औषधं घेऊन परतत होते. आमच्या भागातल्या एका बागेत कडुनिंबाखाली म्हातारा-म्हातारी शिदोरी सोडून बसले होते. भाकर, ठेचा, कांदा. चौकीदारानं शिट्टी फुंकली.

"बारा वाजले, बाहेर निघा."

"सून आत हाय जी," म्हातारा म्हणाला. "डॉक्टर चार वाजता सांगतो म्हणले. तंवर बसू द्या नं सावलीत."

"साहेबांनी पाहिलं तर माझी नोकरी जाईल."

म्हातारीनं अर्धी भाकर तशीच फडक्यात गुंडाळली. नळावर बाटली भरून घेऊ का, म्हणाली. नळ आतल्या कोपऱ्यात, आणि चौकीदाराच्या हातात कुलूप तयार. दोघं बाहेर येऊन कुंपणाला टेकून बसले, तर तिथं एक गाडी लागायला आली. हॉर्न वाजवून त्यांना तिथूनही उठवलं. मी चौकीदाराशी वाद घातला. त्यानं पाटी दाखवली: झोपू नये, डबा खाऊ नये, दुपारी बाग बंद. पाटीच्या मागे रिकामे बाक आणि गार सावली. बारा ते चार त्या सावलीचं काय करतात, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

तर लेकीबरोबर पाहिलेला हाइड पार्क. साडेतीनशे एकर. आठव्या हेन्रीनं १५३६ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या मठाकडून शिकारीसाठी ही जमीन घेतली, पहिल्या चार्ल्सनं १६३७ मध्ये ती लोकांना खुली केली. १६६५ च्या प्लेगमध्ये घाबरलेली माणसं इथंच तंबू ठोकून राहिली. राजाची बाग रयतेची होणं आपल्यालाही नवं नाही. नागपूरच्या भोसल्यांच्या महाराजबागेत १८९४ पासून प्राणिसंग्रहालय आहे.

मी मात्र थबकले ती कोपऱ्यावरच्या एका इमारतीपाशी. आता ते महागडं हॉटेल आहे, पण १९८० पर्यंत तिथं सेंट जॉर्जेस हॉस्पिटल होतं. म्हणजे दवाखाना आणि समोर बाग, अगदी धंतोलीच! तिथल्या नातेवाइकांना कोणी शिट्टी मारून उठवलं असेल का, मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, "आई, तू इथं बाग बघायला आलीस की भांडायला?"

पण भांडणाशिवाय त्यांनाही काही मिळालेलं नाही. जुलै १८६६ मध्ये मताचा हक्क मागणारा मोर्चा आला, तेव्हा पोलिसांनी फाटकं बंद केली. लोकांनी लोखंडी कठडे हलवून हलवून पाडले आणि आत शिरले. पुढच्याच वर्षी शहरातल्या अनेक कामगारांना मत मिळालं, आणि १८७२ च्या कायद्यानंतर बागेचा एक कोपरा जाहीर भाषणांसाठी कायमचा झाला. ह्या कठड्यांची गोष्ट मी नागपुरात परतल्यावर ज्याला त्याला ऐकवली आहे.

एवढं कौतुक केलं खरं, पण उन्हाळ्यात त्याच बागेचा मोठा तुकडा पत्रे ठोकून बंद करतात, आत गाण्यांचे जलसे, भारी तिकिटं. तेव्हा त्यांचंही सोवळं नाही. आणि आमच्याकडे बाग दिवसभर उघडी ठेवली तर पत्रावळ्या, बाटल्या, गुटख्याच्या पुड्या उचलणार कोण? सकाळी फिरायला गेल्यावर मीच नाक मुरडते. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी हे बरोबर ओळखलं: "तुम्हाला त्यांना बसवायचंय, पण घाण नकोय." नकोच आहे. म्हणून मी म्हणते, कचऱ्याचे डबे ठेवा, नळ सुरू ठेवा आणि दुपारच्या पाळीला आणखी एक माणूस नेमा. त्याच्या पगारात दवाखान्यांनी वाटा उचलावा, कारण ही माणसं त्यांच्याच दारातून येतात. डॉक्टरीणबाईंना एवढं बोलल्यावर त्यांनी विषय बदलला.