"घरी पडल्या"

व्यापारी घरात दोन रुपयांचा फरक सापडेपर्यंत रात्री रोजमेळ मिटत नाही. वाटेत पोते भिजले तर माल उतरवतानाच ट्रकवाल्याच्या पावतीवर तसा शेरा मारून घेतला जातो. उद्या विमा कंपनीने विचारले तर कागद हवा, हे घरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच घरातले माणूस मात्र दुसऱ्याच्या ओल्या फरशीवर पडून जायबंदी झाले, तर त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. लोक काय म्हणतील, संबंध बिघडतील आणि पडणे हा शेवटी आपल्याच नशिबाचा भाग, अशी समजूत त्यामागे असते.

दक्षिण महाराष्ट्रातील एका बाजारपेठेच्या गावी धान्याची पेढी असलेल्या कुटुंबातील आजी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकावे म्हणून मंडळींसह एका उपाहारगृहात गेल्या होत्या. हात धुऊन परतताना नुकत्याच पुसलेल्या फरशीवर त्यांचा पाय घसरला. तेथे ना सूचनेचा फलक होता, ना पायपुसणे. खुब्याचे हाड मोडले. उपाहारगृहाला तांदूळ आणि डाळ याच पेढीवरून जात असे. त्यामुळे रुग्णालयात डॉक्टरांनी विचारले तेव्हा थोरले चिरंजीव संकोचाने म्हणाले, "घरी पडल्या." केसपेपरवर तेच दोन शब्द उतरले.

पुढे शस्त्रक्रिया झाली, सेवेला बाई ठेवावी लागली, खर्च वाढत गेला. उपाहारगृहाचे मालक सज्जन होते. आपल्या दुकानदार विम्यात ग्राहकास झालेल्या इजेच्या भरपाईची तरतूद आहे, हे लक्षात येताच ते स्वतः पेढीवर आले आणि त्यांनी विमा कंपनीस कळवलेही. कंपनीने केसपेपर मागितला आणि दावा तेथेच अडला. जेवणाचे बिल कोणी जपले नव्हते. कॅमेऱ्यातील चित्रणावर नवे चित्रण चढून गेले होते. संबंध राखण्यासाठी उच्चारलेल्या दोन शब्दांमुळे एकाला देता आले नाही, दुसऱ्याला घेता आले नाही आणि त्यानंतर पेढीवर दोघांची नजर मोकळेपणाने मिळेना.

कायदा या बाबतीत मुका नाही. ज्याने लोकांसाठी दार उघडले, त्याने आतली जागा वाजवी प्रमाणात सुरक्षित ठेवलीच पाहिजे. 1974 साली लिव्हरपूल येथील एका मोठ्या दुकानात सांडलेल्या दह्यावरून एक महिला घसरून पडली. दही केव्हापासून सांडले होते, हे तिला सिद्ध करता येणे शक्यच नव्हते. मात्र तीन आठवड्यांनी त्याच दुकानात सांडलेले सरबत सुमारे पाव तास कोणी पुसले नाही, हे तिने उभे राहून पाहिले होते. अपील न्यायालयाने 1976 मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला: फरशीची देखरेख दुकानाच्या हाती असते, तेव्हा पुरेशी काळजी घेतल्याचे दुकानानेच दाखवावे. भरपाई तशी किरकोळच होती. निकाल मात्र आजही अभ्यासला जातो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही दिल्लीतील घड्याळाचा मनोरा कोसळल्याच्या प्रकरणात, 1966 मध्ये, जवळपास याच विचाराने महापालिकेस जबाबदार धरले.

आजींच्या बाबतीत ग्राहक संरक्षण कायदा, 2019 जवळचा होता. बिल मुलाने भरले म्हणून आजींचा हक्क जात नाही. ज्याच्यासाठी सेवा घेतली, तोही ग्राहकच. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही चालते. भरलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. परंतु आयोगापुढे जाण्याची वेळ क्वचितच यावी. खरे काम पहिल्या दोन-चार दिवसांतले आहे: फरशीचे छायाचित्र, पायातली चप्पल, बिल, पाहणाऱ्या दोघांची नावे, चित्रण जपून ठेवावे असे मालकास लेखी कळवणे आणि डॉक्टरांस खरे ठिकाण सांगणे. यात भांडण कोठे आले? औषधासाठी कोणी रक्कम दिली तर ती पावती देऊन जरूर घ्यावी. मात्र उपचार पुरे होण्याआधी "आमची काही तक्रार नाही" अशा कागदावर सही करू नये. खुब्याचे दुखणे सहा महिन्यांनीही डोके वर काढते.

आपले बहुतेक वाचक गल्ल्याच्या आतल्या बाजूला बसणारे आहेत, तेव्हा ही बाजूही पाहावी. आपल्या दुकानात कोणी पडले तर आधी डॉक्टर, मग विमा कंपनीस त्याच दिवशी सूचना. चित्रण पुसण्याचा मोह तर धरूच नये, कारण पुष्कळदा तेच दुकानदाराची बाजू राखते. विम्यात ग्राहकाच्या इजेचे कलम आहे की फक्त आग आणि चोरीचे, हे पॉलिसी उघडून आजच वाचावे. आणि फरशी पुसल्याची वेळ व पुसणाऱ्याची सही घेणारी एक वही मोरीजवळ टांगावी. तिला वर्षाला शंभर रुपयेही लागत नाहीत.